पक्ष फुटतो, तशी वाचाही फुटते?

परळच्या एका वाचकाचा प्रश्न आहे. लोकलमध्ये पेपर वाचताना त्यांना एकाच पानावर ‘पक्षात उभी फूट’ आणि ‘आमदारांनी गिरणी कामगारांच्या घरांच्या प्रश्नाला वाचा फोडली’ असे दोन मथळे दिसले. फोडणं म्हणजे मोडतोड, मग वाचा ‘फोडायची’ कशी? आणि देशाची होते ती फाळणी, पक्षात पडते ती फूट, असं का?

दुसरा प्रश्न आधी घेतो, तो सोपा आहे. फाळणी होते ती मोजून हिस्से करता येतील अशा गोष्टीची. जमिनीच्या पोटहिश्शांचा कागद भूमी अभिलेख कचेरीत ‘फाळणी बारा’ म्हणूनच मागावा लागतो. बंगालची १९०५ची फाळणी काय, देशाची १९४७ची काय, नकाशावर रेघ ओढणारा कुणीतरी लागलाच. रॅडक्लिफची रेघ तर स्वातंत्र्य मिळाल्यावर दोन दिवसांनी, १७ ऑगस्टला जाहीर झाली. फूट पडते माणसांत. १९०७ साली सुरतेच्या अधिवेशनात जहाल आणि मवाळ वेगळे झाले, ती काँग्रेसमधली फूट. तिला ‘सुरतेची फाळणी’ म्हणून बघा, शहराचेच दोन तुकडे झाल्यासारखं वाटेल. दुफळी ही त्याच्या अलीकडची अवस्था: छप्पर एक, चुली दोन.

आता फोडणं. संस्कृतातल्या ‘स्फुट्’ धातूत फुटणंही आहे आणि उमलणंही. म्हणून ‘स्फुट’ म्हणजे स्पष्ट, आणि नीट ऐकू न येणारं ते ‘अस्फुट’. शब्दातून अर्थ प्रकट होतो त्या तत्त्वाला भर्तृहरीने ‘स्फोट’ म्हटलं, तेही याच धातूवरून. मराठीने दोन्ही अर्थ सांभाळले. काच फुटते तशी पालवीही फुटते, पोपटाला कंठ फुटतो, गाईला पान्हा फुटतो. आत कोंडलेलं बाहेर येणं, हा त्यातला धागा. दहीहंडी फोडतात, प्रचाराचा नारळ फोडतात, चर्चेची कोंडी फोडतात. तिथे मोडतोडीची तक्रार कुणी करत नाही.

राजकारणात खरी गंमत ‘फुटणे’ आणि ‘फोडणे’ यांतल्या फरकात आहे. ‘आमदार फुटले’ म्हटलं की दोष आमदारांचा, ‘आमदार फोडले’ म्हटलं की समोरच्याचा. २०२२ला शिवसेनेत आणि २०२३ला राष्ट्रवादीत जे झालं, त्याबद्दल कोण कुठलं क्रियापद वापरतो एवढं ऐकलं तरी बोलणारा कुठे उभा आहे ते कळतं. (स्वतः गेलेला मात्र दोन्ही वापरत नाही. तो ‘उठाव’ करतो.) कायद्याच्या भाषेत तर आता कुणी फुटूच शकत नाही. एक तृतीयांश आमदार बाहेर पडले तर ती फूट मानून त्यांना अपात्रतेतून सूट मिळायची, ती तरतूद २००३च्या ९१व्या घटनादुरुस्तीने काढून टाकली. दोन तृतीयांशांचं ‘विलीनीकरण’ तेवढं उरलं.

वाचेचंही असंच. ज्याची त्याला ‘फुटते’. दुसऱ्याच्या वतीने बोलतो तो ‘फोडतो’. ‘मूकनायक’ या नावातही दोघे आहेत, बोलू न दिलेले आणि त्यांच्यासाठी बोलणारा. डॉ. आंबेडकरांनी ते पाक्षिक ३१ जानेवारी १९२० रोजी मुंबईतून सुरू केलं, तेव्हा शीर्षभागी तुकोबांचा अभंग छापला: ‘काय करूं आतां धरूनियां भीड । निःशंक हें तोंड वाजविलें ॥’ तुकोबा स्वतःबद्दल बोलतात, म्हणून फोडणं नाही, वाजवणं. मला तर हे क्रियापद जास्त आवडतं.

तेव्हा मथळा बरोबरच आहे. फक्त ‘ला’ सांभाळा: प्रश्नाला वाचा फोडायची, प्रश्नाची नव्हे. तोंडाच्या बाबतीत तर जास्तच जपा. चर्चेला तोंड खुशाल फोडा. वक्त्याचं फोडलंत तर पोलीस चौकी गाठावी लागेल.