गोळी बंद, व्हिडिओ चालू

प्रश्न : सासऱ्यांना गेल्या वर्षी स्टेंट बसवला. तेव्हापासून कोलेस्टेरॉलसाठी ॲटोर्व्हास्टॅटिन चालू होती. ‘या गोळीने मधुमेह होतो’ असा व्हिडिओ त्यांना कुणीतरी पाठवला आणि त्यांनी गोळी परस्पर बंद केली. मी नेटवर शोधलं, तर तेच सापडलं. त्यांना काय सांगू? रिपोर्ट रुग्णांच्या ग्रुपवर टाकून विचारू का?

उत्तर : आधी त्यांच्या गोळ्यांचा डबा उघडून बघा. रक्त पातळ ठेवणारी गोळीही त्यांनी थांबवली असेल, तर स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते. ती थांबवली असो वा नसो, हृदयरोगतज्ज्ञांना आजच फोन करा. पुढच्या तपासणीची वाट पाहू नका.

आता व्हिडिओ. तो धादांत खोटा असता तर माझं काम सोपं होतं. २०१० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात १३ औषध-चाचण्यांचं एकत्रित विश्लेषण आलं. स्टॅटिन (ॲटोर्व्हास्टॅटिन ज्या गटातली, त्या गोळ्या) घेणाऱ्यांत मधुमेहाची शक्यता ९ टक्क्यांनी वाढलेली दिसली. शंभरातल्या नऊ जणांना मधुमेह होतो, असा याचा अर्थ मुळीच नाही. त्याच निबंधातला हिशेब असा : २५५ जणांनी ४ वर्षं गोळी घेतली, तर जास्तीचा मधुमेह एकाला. ज्यांना हृदयविकार आहे, त्यांच्या उपचारात यामुळे बदल नको, असंही लेखकांनीच लिहिलंय. व्हिडिओवाले नेमके तेवढं गाळतात! सासऱ्यांना हा २५५ चा आकडा सांगा. तरी धास्ती वाटत असेल तर डॉक्टरांना विचारून अधूनमधून साखर तपासता येईल.

तुम्हाला तेच सापडलं, कारण बहुधा तुम्ही तेच विचारलंत. ‘स्टॅटिन मधुमेह’ऐवजी ‘स्टेंटनंतर स्टॅटिन : फायदे आणि तोटे’ असं शोधा. इंग्रजी चालत असेल तर अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाचं ‘मेडलाइनप्लस’ पाहा. तिथे जाहिराती नाहीत. त्याच ग्रंथालयाच्या ‘पबमेड’वर निबंधांचे सारांश फुकट वाचता येतात, फक्त प्रयोग माणसांवर झाला की उंदरांवर, तेवढं बघत जा.

ग्रुपचं म्हणाल, तर रिपोर्ट सासऱ्यांचे आहेत, तेव्हा परवानगीही त्यांचीच हवी. टाकलेच तर नाव, फोन, रुग्ण क्रमांक आणि कोपऱ्यातला क्यूआर कोड झाका. तो स्कॅन करून कधीकधी अख्खा रिपोर्ट उघडतो. स्टेंटनंतर चालणं कसं वाढवलं, भीती कशी गेली, हे तिथे जरूर विचारा. गोळीचा डोस मात्र तिथे विचारू नका.