मुक्तस्रोत वेबसाइटच्या कामावर मुलाचे पोट भरेल का?

सप्रेम नमस्कार,

आपले पत्र मिळाले. आपला मुलगा बी.सी.ए. झाला आहे आणि पुण्यातील एका लहान कंपनीत वेबसाइटच्या देखभालीची नोकरी त्याला मिळते आहे. मात्र ती न घेता तालुक्याच्या गावीच राहून वर्डप्रेस, ड्रुपल यांसारख्या मुक्तस्रोत प्रणाल्यांवर शाळा, संस्था व दुकाने यांच्या वेबसाइट करून द्यायच्या, असे त्याने ठरवले आहे. जे सॉफ्टवेअर कोणीही विनामूल्य उतरवून घेऊ शकतो, त्यासाठी लोक पैसे का देतील, हा आपला प्रश्न रास्त आहे.

मराठीत ‘मुक्त’ आणि ‘फुकट’ असे दोन वेगळे शब्द आहेत, त्यामुळे उत्तर देणे सोपे जाते. २००३ साली सुरू झालेली वर्डप्रेस ज्या जीपीएल परवान्याखाली मिळते, तो परवाना सॉफ्टवेअर वापरण्याचे, त्याची आतली रचना पाहण्याचे, ती बदलण्याचे आणि इतरांना देण्याचे स्वातंत्र्य देतो. त्यावर केलेल्या कामाचा मोबदला घेण्यास तो कोठेही मनाई करत नाही. संस्था पैसे मोजते ते आपले काम समजून घेऊन ते नीट मांडून देणाऱ्या आणि पुढे अनेक वर्षे वेबसाइट चालती ठेवणाऱ्या माणसाला.

म्हणून कोणती प्रणाली येते यापेक्षा, कोणत्या प्रकारच्या संस्थेचे काम तुला आतून माहीत आहे, हे मी मुलाला आधी विचारेन. महाविद्यालयाला नॅक या उच्च शिक्षणसंस्थांचा दर्जा तपासणाऱ्या राष्ट्रीय संस्थेच्या मूल्यांकनासाठी वार्षिक गुणवत्ता अहवाल आणि त्याची पुराव्याची कागदपत्रे वेबसाइटवर ठेवावी लागतात, आणि नवी वेबसाइट करताना जुन्या लिंक तुटल्या तर त्याचा भुर्दंड प्राध्यापकांना भोगावा लागतो. विश्वस्त संस्थेच्या पानावर ‘देणगी द्या’ हे बटण बसवणे फारसे अवघड नाही. परंतु परदेशी अंशदान कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसलेल्या संस्थेला परदेशी नागरिकाची देणगी घेता येत नाही, आणि नोंदणी असली तरी २०२० च्या दुरुस्तीपासून ती रक्कम प्रथम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील खात्यातच यावी लागते. हे ठाऊक नसलेला विकसक सद्भावनेने काम करूनही विश्वस्तांना अडचणीत आणू शकतो. दुकानदाराचे गणित निराळे: त्याला साठा, वाहतूक खर्च आणि परत आलेला माल यांचा मेळ हवा असतो, आणि तो वूकॉमर्स या वर्डप्रेसला जोडायच्या ऑनलाइन दुकानाच्या प्रणालीवर बऱ्यापैकी जमतो. ग्रंथालयासाठी मात्र वर्डप्रेसचा हट्ट धरू नये. न्यूझीलंडमध्ये तयार झालेली आणि २००० सालापासून वापरात असलेली ‘कोहा’ ही मुक्तस्रोत प्रणाली खास त्याच कामासाठी आहे.

मराठी मुलांनी ज्याचे मोल ओळखावे असे आणखी एक काम आहे. आपल्याकडील अनेक संस्थांचे अहवाल, स्मरणिका आणि जुनी पाने युनिकोड ही सर्व संगणकांवर सारखीच चालणारी अक्षरसंकेतपद्धती रूढ होण्यापूर्वीच्या फॉन्टमध्ये टंकलेली आहेत. तो मजकूर तसाच वेबसाइटवर चढवला तर वाचकाला निरर्थक अक्षरे दिसतात, शोधयंत्राला तो सापडत नाही आणि दृष्टिहीन वाचकाचे स्क्रीन रीडर तो वाचू शकत नाही. रूपांतर करून देणारी साधने आहेत, पण जोडाक्षरे आणि रफार बिघडतात, आणि मग ओळ न् ओळ डोळ्यांखालून घालावी लागते. ज्याला हे चिकाटीने करता येते आणि ज्याचे शुद्धलेखन चांगले आहे, त्याच्या कामाला संस्थांमध्ये मान मिळतो, हे मी पाहिले आहे.

देखभालीबाबत मुले सर्वांत निष्काळजी असतात. ड्रुपल ७ ची अधिकृत देखभाल ५ जानेवारी २०२५ रोजी संपली, आणि त्यावरून पुढच्या आवृत्तीवर जाणे म्हणजे वेबसाइट जवळजवळ नव्याने बांधणे होते. प्लगइन म्हणजे मूळ प्रणालीला जोडलेले पूरक भाग अद्ययावत न ठेवल्यामुळे वेबसाइटमध्ये शिरकाव होणे ही तर नित्याची गोष्ट आहे. बॅकअप घेणे आणि तो प्रत्यक्ष परत बसवून पाहणे हे मुलाला अनुभवी माणसाच्या हाताखाली शिकावे लागेल. त्यामुळे पुण्याची नोकरी त्याने आज नाकारू नये, दोन वर्षे मन लावून करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. त्या काळात त्याने ओळखीच्या एखाद्या शाळेची किंवा वाचनालयाची वेबसाइट स्वतःच्या जबाबदारीवर सांभाळावी. वर्डप्रेसचे मराठी भाषांतर स्वयंसेवक करतात; त्यातही त्याने हात घालावा, कारण तेथे केलेले काम त्याच्या नावावर सर्वांना दिसते.

नंतर तो व्यवसायात उतरेल तेव्हा त्याच्या कराराचा मसुदा आपण स्वतः वाचावा, अशी विनंती आहे. एका संस्थेची वेबसाइट करणाऱ्याने डोमेन, म्हणजे वेबसाइटचा इंटरनेटवरील पत्ता, स्वतःच्या नावावर घेतले होते. संबंध बिघडल्यावर त्या संस्थेला आपला जुना पत्ताच गमवावा लागला, आणि मी त्या संस्थेशी जोडलेला असल्याने तिची झालेली परवड जवळून पाहिली. डोमेन आणि होस्टिंग (वेबसाइट ठेवण्याची भाड्याची जागा) संस्थेच्या नावावर आहे का, सर्व पासवर्ड तिच्याकडे सोपवले जातील का, आणि वार्षिक देखभालीचा आकार उभारणीच्या खर्चापासून वेगळा लिहिला आहे का, एवढे आपण अवश्य पाहावे. ही कलमे त्याने आपण न सांगता घातलेली दिसली, तर गावी कार्यालय उघडण्यास त्याला खुशाल परवानगी द्यावी.

आपला,
करिअर मार्गदर्शक