कॅन्सल दाबल्यावर प्रोग्रॅम अडतो

प्रश्न : परभणीच्या मोंढ्यात आमची आडत आहे. शेतकऱ्यांच्या हिशोबपट्ट्या ठेवण्यासाठी मी पायथॉनमध्ये टीकिंटर (खिडक्या आणि बटणे बनवण्याचे त्यातले साधन) वापरून प्रोग्रॅम लिहिला आहे. फाइल निवडण्याच्या खिडकीत मुनीमजींनी कॅन्सल दाबले की प्रोग्रॅम चूक दाखवून अडतो. शिवाय, एकदा नवी फाइल सेव्ह करताना जुन्या पट्ट्यांची फाइल काहीही न विचारता पुसली गेली. नावापुढचे ‘.सीएसव्ही’ माझा प्रोग्रॅम नंतर जोडतो. असे का होते?
— एक वाचक, परभणी

उत्तर : ही खिडकी फाइल उघडतही नाही आणि लिहीतही नाही, ती फक्त निवडलेल्या फाइलचा पूर्ण पत्ता परत देते. कॅन्सल दाबल्यास पत्ता रिकामा येतो आणि आपला प्रोग्रॅम तोच उघडू पाहतो. ही रिकामी किंमत बहुधा रिकामी स्ट्रिंग (अक्षरांची मालिका) असते, पण काही ठिकाणी रिकामे टपलही (किमतींची यादी) येते; म्हणून तिची तुलना रिकाम्या स्ट्रिंगशी न करता ‘इफ नॉट’ने तपासावे आणि तेथूनच निमूटपणे परतावे. मुनीमजींचा विचार बदलला, एवढाच कॅन्सलचा अर्थ आहे. त्यांना चूक झाल्याचा संदेश दाखवण्याचे काहीच कारण नाही.

दुसरी अडचण अधिक गंभीर आहे, कारण तिच्यात शेतकऱ्याचा हिशोब जातो. मुनीमजींनी ‘सोयाबीन’ एवढेच नाव लिहिले, तेव्हा त्या नावाची फाइल नसल्यामुळे खिडकीने काही विचारले नाही. त्यानंतर आपण ‘.सीएसव्ही’ जोडले आणि त्या पूर्ण नावाची फाइल मात्र आधीपासून होती. म्हणजे खिडकीने तपासले एक नाव आणि आपण लिहिले दुसऱ्याच नावावर. ‘.सीएसव्ही’ हा विस्तार, म्हणजे नावाचा शेवटचा भाग, ‘डिफॉल्टएक्स्टेन्शन’ या पर्यायातून खिडकीलाच द्यावा, म्हणजे ती पूर्ण नाव तपासून ‘जुनी फाइल बदलायची का?’ असे विचारील. ‘फाइलटाइप्स’ या पर्यायाने खिडकीत दिसणाऱ्या फाइलींची यादी केवळ गाळली जाते, विस्तारासाठी त्याच्यावर विसंबून राहू नये.

पायथॉनमध्ये ‘डब्ल्यू’ म्हणजे लिहिण्याच्या पद्धतीने फाइल उघडताच तिच्यातील मजकूर नाहीसा होतो, आणि नेमकी त्याच वेळी वीज गेली तर जुनेही उरत नाही, नवेही नाही. म्हणून त्याच फोल्डरमध्ये तात्पुरत्या नावाने पट्ट्या पूर्ण लिहून, फाइल बंद करून, मगच ‘ओएस.रिप्लेस’ने तिला मूळ नाव द्यावे.