खात्यातले ६४ हजार पडून नाहीत

वेंगुर्ल्याच्या एका वाचकाचं पत्र आहे. लग्नं, बारशी आणि भोगवे-निवती पट्ट्यातल्या होमस्टेंचे फोटो हा त्यांचा धंदा. सोनीचा ६४०० कॅमेरा, सोबत आलेली १६-५० लेन्स. पाठ भिंतीला टेकली तरी खोली फ्रेममध्ये मावत नाही, म्हणून छोटीशी, हाताने फोकस करायची अल्ट्रा-वाइड, म्हणजे खूप रुंद दृश्य घेणारी लेन्स हवी आहे (मिमीचा आकडा जितका लहान तितकं दृश्य रुंद, एफचा आकडा जितका लहान तितका उजेड जास्त). समोर दोन पर्याय आहेत. लाओवाची नवी ९ मिमी एफ/२.८, मुंबईच्या दुकानातून ४२ हजारांना, सहा महिन्यांच्या ‘नो कॉस्ट ईएमआय’वर. किंवा सॅमयांगची १२ मिमी एफ/२, कोल्हापूरच्या एका फोटोग्राफरने वापरलेली, १७ हजारांत. बचत खात्यात ६४ हजार ‘पडून’ आहेत, कौलं बदलायला ठेवलेली ४० हजारांची एफडी आहे आणि सहा वर्षांच्या मुलीसाठी महिना ३ हजारांची एसआयपी चालू आहे. ते विचारतात, वर्षभर एसआयपी थांबवून ९ मिमी घेऊ का?

एसआयपी थांबवू नका, ९ मिमी आत्ता घेऊ नका, १२ मिमी तपासून घ्या. पैसे कुठून काढायचे ते पुढे सांगतो.

आधी ते ६४ हजार. तुमच्याच पत्रात आहे की घरखर्च महिना २४ हजार आणि वहिनींचा पतसंस्थेतला पगार ९ हजार. म्हणजे दरमहा १५ हजार तुमच्या कॅमेऱ्यातून यायला हवेत. जून ते सप्टेंबर किनाऱ्यावरचे होमस्टे बंद किंवा रिकामे, लग्नं नाहीत, गणपतीत चाकरमानी आले तरी फोटो मोबाइलवर काढतात. चार महिन्यांचे ६० हजार आधीच खर्ची पडलेत, फक्त खात्यातून अजून गेले नाहीत इतकंच. तुमच्या हातात मोकळे आहेत ४ हजार.

आता ईएमआय. फेब्रुवारी सरत आलाय. आज कार्ड घासलंत तर ७ हजारांचे सहा हप्ते मार्च ते ऑगस्ट जातील. त्यातले तीन, म्हणजे २१ हजार, ऐन पावसात, लेन्स डब्यात बंद असताना. शिवाय ‘नो कॉस्ट’ या शब्दांना भुलू नका. शून्य टक्के व्याज म्हणून जे विकलं जातं त्याला रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच हरकत घेतली होती. आजच्या योजनेत बँक व्याज लावतेच, तेवढी सूट किमतीत दाखवली जाते. त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि प्रोसेसिंग फी मात्र तुमच्या माथी. रोखीने घेणाऱ्याला दुकानदार जे कमी करून देतो तेही तुम्हाला मिळत नाही. आणि जुलैचा एक हप्ता चुकला, की क्रेडिट कार्डचं महिन्याला तीन-साडेतीन टक्क्यांचं व्याज सुरू.

दुकानदाराने जीएसटीच्या बिलाचं आणि घसाऱ्याचं (वस्तू झिजते म्हणून करात मिळणाऱ्या वजावटीचं) गाजर दाखवलंय, तेही सोडा. तुमची जीएसटी नोंदणी नाही, म्हणजे भरलेला कर वळता मिळणार नाही. विवरणपत्र तुम्ही अनुमानित उत्पन्नाच्या पद्धतीने, म्हणजे जमेचा ठरावीक टक्का नफा धरून भरता. तिथे घसारा वेगळा मागता येत नाही, तो धरलेलाच असतो.

मग लेन्स कमावणार किती? इथे बहुतेक जण गफलत करतात. तुम्ही लिहिलंत, ‘मोसमात १४ होमस्टे करतो, प्रत्येकी ३,५००, म्हणजे ४९ हजार.’ ती कामं तर १६-५० वरही आलीच की. मोजायचं ते फक्त नव्या लेन्समुळे वाढणारं. खोली पूर्ण दिसत नाही म्हणून तीन मालक दुसऱ्या फोटोग्राफरकडे गेले, ते परत आले तर १०,५००. बाकीच्या चौदांना दर ५०० ने वाढवलात तर ७ हजार. एका मोसमाचे साडेसतरा हजार, तेही सगळं सरळ झालं तर. १७ हजारांची लेन्स एका मोसमात फिटते. ४२ हजारांच्या लेन्सला अडीच मोसम लागतील, तोवर कोणी नवा फोटोग्राफर ड्रोन घेऊन उभा राहील.

पण १२ मिमीत खोली मावेल का? तुमच्या कॅमेऱ्याच्या सेन्सरवर १६ मिमीला आडवा कोन सुमारे ७३ अंशांचा मिळतो, १२ ला ८९, ९ ला १०५. खोलीच्या कोपऱ्यात उभं राहिलं की दोन भिंतींमध्ये असतात ९० अंश. म्हणजे १२ मिमी कोपऱ्यातून जवळजवळ दोन्ही भिंती घेते. जे थोडं सुटतं ते दार उघडून एक पाऊल मागे गेल्यावर येतं. ९ मिमीत सगळं सहज मावतं हे खरं, पण कडेची वस्तू ताणली जाते. दहा बाय बाराच्या खोलीतला पलंग होडीएवढा दिसतो आणि पाहुणा आल्यावर मालकाला विचारतो, फोटोतली खोली कुठली? लग्नातल्या ग्रुप फोटोत कडेला उभ्या राहिलेल्या आत्याबाई तर तुम्हाला जन्मात माफ करणार नाहीत.

हाताने फोकस करण्याची भीती बाळगू नका. १२ मिमीवर एफ/८ ठेवून साधारण ९० सेंटिमीटरवर फोकस लावलात, तर अर्ध्या मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं स्पष्ट येतं. लेन्सवरच्या आकड्यांवर मात्र विसंबू नका, एकदा स्क्रीनवर मोठं करून बघा आणि त्या जागी रिंगेवर खूण करा. याच लेन्सची ऑटोफोकसची आवृत्ती बरीच महाग आहे आणि खोलीच्या कामाला तिची गरज नाही. अशी लेन्स कॅमेरा ओळखत नाही, म्हणून त्यात ‘लेन्सशिवाय शटर’ची सेटिंग चालू करावी लागेल. ६४०० च्या बॉडीत स्टॅबिलायझेशन (हात हलला तरी फोटो स्थिर ठेवणारी सोय) नाही, या लेन्समध्येही नाही, तेव्हा आत शिरलात की ट्रायपॉड.

ट्रायपॉडवर एफ/८ ला काम करायचं तर एफ/२ चा उपयोग काय, असं तुम्ही विचाराल. होमस्टेसाठी काहीच नाही. रात्री किनाऱ्यावर निळ्या चमकणाऱ्या लाटा टिपायची इच्छा तुम्ही पत्रात हळूच लिहिली आहे, तिथे तो कामी येईल. ती हौस, धंदा नव्हे. पण १७ हजारांत धंद्याबरोबर हौसही भागत असेल तर माझी हरकत नाही.

जुनी लेन्स घेताना कोल्हापूरला स्वतः जा. कुरिअरने मागवू नका. मोबाइलची टॉर्च मागून लावून आतून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसले तर ती बुरशी, मग निम्म्या किमतीतही नको. अशा अल्ट्रा-वाइडमध्ये फोटोची एक बाजू मऊ, म्हणजे धूसर निघण्याचा दोष बऱ्याचदा असतो. चिऱ्यांच्या भिंतीसमोर कॅमेरा अगदी सरळ लावा, एफ/५.६ ला फोटो काढा आणि चारही कोपरे मोठे करून बघा. चिऱ्यांचे सांधे तीन कोपऱ्यांत धारदार आणि चौथ्यात धुरकट असतील तर नमस्कार करून परत या.

आपल्या हवेत बुरशी तुमच्याकडेही लागणारच. महागडं ड्राय कॅबिनेट नको. घट्ट झाकणाचा डबा, रंग बदलणारी सिलिका जेल आणि आत एक छोटा आर्द्रतामापक पुरे. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान ठेवा, जेलचा रंग बदलला की तव्यावर तापवून पुन्हा वापरा. खाऱ्या तुषारांसाठी पुढे ६७ मिमीचा फिल्टर.

आता पैसे. पत्राच्या शेवटी जाता जाता लिहिलंत की दिवाळी आणि नाताळच्या कामाचे १६ हजार अजून मालकांकडे अडकलेत. लेन्स तिथे आहे! शिमग्याच्या आत प्रत्येकाला फोन करा. ‘मेच्या बुकिंगसाठी नवे फोटो काढून देतो, मागचं मिटवा’ असं म्हटलंत की बहुतेक जण देतील. हे १६ आणि मोकळे ४ मिळून २० हजार. १७ लेन्सला, ३ डबा, फिल्टर आणि कोल्हापूरच्या एसटीला. वसुली झाली नाही तर लेन्सही नाही. तोवर १६ मिमीवर कॅमेरा उभा धरून चार-पाच फोटो जोडा. जवळच्या खुर्च्या-टेबलांचे सांधे चुकतात, पण दुसरीकडे गेलेल्या तीनपैकी एखादा मालक पूर्ण खोलीसाठी खरंच पैसे मोजतो का, ते फुकटात कळेल.

एसआयपीचे वर्षाचे ३६ हजार मुलगी अठराची होईपर्यंत राहिले आणि १० टक्के परतावा धरला (हमी कुणीच देत नाही), तर एक लाख दहा हजारांच्या आसपास जातात. जाहिरातीतल्यासारखी रक्कम नाही, पण ती घालवून २५ हजारांनी महाग लेन्स घ्यायची गरज मला दिसत नाही.

पुढच्या मोसमापासून निम्मे पैसे आगाऊ घ्या. मेअखेर त्या तीन मालकांचं काय झालं आणि ५०० ची दरवाढ किती जणांनी दिली ते कळवा. दोन्ही आकडे मी धरल्याच्या वर गेले, तर दिवाळीत १२ मिमी विकून ९ मिमीचा विचार करू.