खुराड्यावर डल्ला कोण मारतं?

प्रश्न : आमचं घर संगमेश्वर तालुक्यात, वाडीच्या अगदी टोकाला. घरामागे चिकन जाळी मारून 25 कोंबड्या पाळल्या, निम्म्या गिरिराज, निम्म्या गावठी. मागच्या महिन्यात एका रात्रीत 9 गिरिराज मेल्या. जाळी खालून फाटलेली, परसभर पिसं, पण खाल्लेली किंवा नेलेली एकही नाही. गावठी फणसावर बसल्या होत्या म्हणून वाचल्या. शिवाय भर दुपारी पिल्लं एकेक करून नाहीशी होतायत. शेजारी म्हणतात बिबट्या, सासूबाई म्हणतात मुंगूस. यजमान विष घालायचं म्हणतायत. काय करू?
– एक वाचक भगिनी

उत्तर : ताई, बिबट्याला उगाच बदनाम करू नका. तो आला असता तर निदान एखादी तरी उचलून नेली असती. रानमांजराचंही तसंच. इतक्या मारायच्या आणि तिथेच टाकून जायचं, ही कुत्र्यांची रीत. त्यांना भूक नसते, फडफडणारं काही दिसलं की चेव येतो. नोकरीत असताना असे पंचनामे मी पुष्कळ पाहिले. लोक आधी जंगलाकडे बोट दाखवायचे आणि चोर निघायचा वाडीतला, कधी कधी तक्रार करणाऱ्याच्याच ओटीवर झोपणारा.

सासूबाईंचंही खरं असू शकतं, पण ते दुपारच्या पिल्लांपुरतं. मुंगूस दिवसाउजेडीच फिरतं, रात्री नाही. म्हणजे तुमच्याकडे चोर दोन आहेत. पिल्लं मुंगूस नेतं की घार, हे कोंबडीच सांगेल. दुपारी तासभर पडवीत बसून कान द्या. धोका वरून आला की ती एकदाच लांब, बारीक आवाज काढते आणि पिल्लं जिथल्या तिथे दबून बसतात. धोका जमिनीवरून आला तर मान उंच करून तिची कटकट सुरू होते आणि थांबत नाही.

आता जाळी. चिकन जाळी कोंबडीला आत ठेवण्यासाठी असते, कुत्र्याला बाहेर ठेवायला नाही. दोन कुत्री पंजे लावून ती सहज उचकटतात. खालच्या तीन फुटांना अर्ध्या इंची चौकटीची वेल्डमेश, म्हणजे तारा वेल्डिंगने जोडलेली कडक जाळी लावा, मुंगसालाही ती पुरते. पुस्तकं सांगतात जाळी फूटभर जमिनीत पुरा. आपल्याकडे कातळ लागतो, खणणार कुठे? त्यापेक्षा तीच जाळी खाली बाहेरच्या बाजूला दीड फूट आडवी पसरा आणि वर चिऱ्याचे तुकडे मांडा. कुत्रं कुंपणाच्या पायथ्याशीच उकरायला लागतं, तिथे जाळीच लागली की मागे सरून उकरायचं त्याला सुचत नाही.

पण रात्रीचा भरवसा कुंपणावर ठेवू नका. चिऱ्याचं, बंद खुराडं हवंच. वर कौलं असतील तर त्यांच्या खालून जाळी मारा, कारण उदमांजर कौल सरकवून आत उतरतं. दाराला कडी आणि वर आडणा, दोन्ही. गिरिराज ही बंगळूरच्या कृषी विद्यापीठाने काढलेली जात, अंगाने जड. गावठीसारखी ती फणसावर चढत नाही, आणि अंधार पडला की कोंबडीला दिसत नाही, त्यामुळे पळतही नाही. दिवेलागणीच्या आधी मूठभर कणी खुराड्यातच टाकायची सवय लावा. आठवडाभरात त्या आपणहून आत जाऊन बसतील. मग दार लावायचं काम एकाच माणसाकडे द्या. ‘मला वाटलं तू लावलंस’ या वाक्यापायी गेलेल्या कोंबड्या मुंगसाने नेलेल्यांपेक्षा जास्त असतील.

पिल्लं सहा-सात आठवड्यांची होईपर्यंत आईसकट डालग्याखाली ठेवा, वर दगड, आणि डालगं सावलीत. मोकळं सोडायचंच तर वरून मासेमारीचं जुनं जाळं ताणा. रत्नागिरीला मिरकरवाड्याच्या मासेमारी बंदरात कोणालाही विचारा, फाटकं जाळं मिळून जाईल. ते जमिनीपर्यंत लोंबू देऊ नका, धामण त्यात अडकते आणि मग तिला सोडवत बसावं लागतं.

एक विचारतो, राग मानू नका. रविवारी कोंबडी कापल्यावर आतडी, पिसं कुठे टाकता? गडग्यापलीकडे टाकत असाल तर कुत्र्यांना जेवणाचं आवतण तुम्हीच देताय. मेलेल्या 9 कोंबड्या तशाच टाकल्या असतील तर अजूनही खोल पुरा, वर चुना घाला. कुत्रं कोणाचं हे कळलं असेल तर मालकाशी चार माणसांसमोर बोला. एकदा चटक लागलेलं कुत्रं पुन्हा येतंच, ते रात्री बांधायलाच हवं.

यजमानांना सांगा, विषाचं नाव नको. मुंगूस, रानमांजर, उदमांजर यांना 1972 च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, आणि कुत्र्यांना विष घालणं हाही गुन्हाच. कायदा बाजूला ठेवला तरी विषाचा तुकडा कोण खाईल याचा नेम नाही. बहुधा तुमचंच मांजर.

प्रश्न : आम्ही जुन्नर तालुक्यातले, घराला लागून ऊस. आमच्याकडे खरोखरच बिबट्या येतो. कोंबड्यांच्या राखणीला दोन कुत्री पाळावीत का?

उत्तर : मुळीच नको. बिबट्याला कोंबडीपेक्षा कुत्रं जास्त आवडतं, म्हणजे राखणदारासाठीच तो अंगणात येणार. खुराडं उसाच्या बाजूने काढून घराच्या भिंतीला लावा, सगळ्या बाजूंनी आणि वरूनही पक्कं बंद करा. ऊस आणि घर यांच्यामधली पट्टी साफ ठेवा. रात्री आवाज झाला तर एकट्याने बॅटरी घेऊन बाहेर पडू नका, आतूनच डबा वाजवा. ठसे दिसले तर वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवा.