थप्पी कोसळली, दोष कोणाचा?

प्रश्न : माझा धाकटा भाऊ चिपळूणजवळ खत-सिमेंटच्या गोदामात हमाली करतो. आषाढात युरियाची थप्पी अंगावर आली आणि त्याच्या नडगीचं हाड मोडलं. मुकादम म्हणतो, मधली गोणी ओढली ही त्याचीच चूक. आता प्लास्टर निघालंय, तो परत कामावर जायचं म्हणतोय. चूक खरंच त्याची का? जाताना त्याने काय बघावं?
– एक बहीण, संगमेश्वर

उत्तर : ताई, मुकादमाचं म्हणणं मला पटत नाही. मधली गोणी ओढायची नसते हे खरं, पण एक गोणी सरकली म्हणून जी पूर्ण खाली येते ती थप्पी आधीपासूनच धड नव्हती. लोटे परशुरामच्या कारखान्यांत सुरक्षेचं काम करताना अशा थप्प्या मी उतरवून पुन्हा लावून घेतल्या आहेत. युरियाची गोणी ४५ किलोची. पाच जरी आल्या तरी सव्वादोनशे किलो.

आपल्याकडच्या पावसात युरिया हवेतली ओल ओढतो, त्याचे घट्ट गोळे होतात, गोणी एका बाजूला फुगते आणि सपाट बसत नाही. खालच्या फळ्या वाळवीने पोखरलेल्या असतात. शिवाय प्लास्टिकच्या विणलेल्या गोण्या गोणपाटासारख्या एकमेकींना धरत नाहीत, घसरतात. म्हणून एक थर उभा, एक आडवा असा बांधत न्यावा लागतो. सगळे थर एकाच दिशेने रचले की नुसते सुटे खांब उभे राहतात. सिमेंटसाठी भारतीय मानक ४०८२ आहे. त्यात दहा गोण्यांपेक्षा उंच थप्पी नको, आठच्या वर गेली तर थर आलटूनपालटून आणि बाहेरच्या भिंतीपासून ६० सेंटिमीटर जागा मोकळी, असं सांगितलंय. दहाची मर्यादा मुळात दाबाने सिमेंटचे गोळे होऊ नयेत म्हणून आहे, पण खाली उभ्या माणसाचाही जीव तिच्यामुळे वाचतो.

सर्वात वाईट प्रकार ट्रक लागल्यावर होतो. माल भिजू नये म्हणून दारासमोरचाच भाग घाईने रिकामा करतात आणि मागे गोण्यांची उभी भिंत उरते. तिच्या पायथ्याशी भावाने उभं राहू नये, कोणी कितीही ओरडलं तरी. गोण्या वरून, पायरी पाडत काढायच्या. थप्पी कललेली दिसली, पोट बाहेर आलेलं दिसलं किंवा खालची गोणी फाटून माल सांडत असला, तर आधी सगळ्यांना बाजूला करायचं.

नुकसानभरपाईचं तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. कामावर असताना झालेल्या इजेची जबाबदारी मालकावर येते, हमालाचा निष्काळजीपणा होता एवढंच म्हणून ती झटकता येत नाही. दवाखान्याच्या कागदावर ‘गोदामात काम करताना गोण्या पडून इजा’ असं लिहिलंय का ते आजच बघा. नुसतं ‘पडून इजा’ असेल तर डॉक्टरांना भेटून सविस्तर नोंद मागा. सोबत काम करणाऱ्या दोघांची नावं लिहून ठेवा आणि रत्नागिरीच्या कामगार आयुक्त कार्यालयात चौकशी करा. भाऊ सरकारी कामगार विमा योजनेत (ईएसआय) असेल तर भरपाईची वाट वेगळी, म्हणून पगाराची पावती बरोबर न्या.