सर्वांच्या आईला आपली म्हणून आठवताना

ज्यांच्या आईने किंवा वडिलांनी उभे आयुष्य एखाद्या सेवासंस्थेला वाहिले, अशा घरांतील माणसे माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात तेव्हा शब्द वेगवेगळे असले तरी त्यांची व्यथा एकच असते : लोक बोलतात ते सारे खरे आहे, पण त्यात माझे माणूस मला सापडत नाही. कोणी हे ओशाळून सांगते, तर कोणी रागाने. बहुतेकांनी ते माझ्यापाशी येईपर्यंत कोणालाच सांगितलेले नसते, कारण दिवंगत व्यक्तीविषयी आदराखेरीज दुसरे काही मनात असणे म्हणजे कृतघ्नपणा, अशी त्यांची समजूत असते. त्यांच्यापैकी एका मुलीची हकिगत तिच्या संमतीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून येथे सांगत आहे.

तिची आई निराधार स्त्रियांना आधार देणाऱ्या एका संस्थेची प्रमुख होती. आईच्या पहिल्या स्मृतिदिनानिमित्त संस्था स्मरणिका काढणार होती आणि ‘लेकीच्या नजरेतून’ अशा मथळ्याखाली दोन पाने तिच्यासाठी राखून ठेवली होती. स्वतः लिहिणारी-वाचणारी असूनही ती दोन पाने तिला काही केल्या भरता येईनात.

“लिहायला बसलात की काय होते?” मी विचारले.

“शोकसभांतली लोकांची भाषणे आठवतात. कुटुंब, श्रद्धा आणि सेवा या तीन गोष्टींना वाहिलेले आयुष्य, असे प्रत्येक जण म्हणाला. आणि दर वेळी माझ्या मनात यायचे की यांचा क्रम चुकला आहे. पहिला क्रमांक कुटुंबाचा कधीच नव्हता.” मग लगेच स्वतःला सावरत ती म्हणाली, “ताई, असा विचार करणारी मुलगी किती क्षुद्र असेल!”

अशा वेळी समुपदेशकाला धीर देण्याचा मोह होतो. ‘तुमची आई तुमच्यावर निश्चितच प्रेम करत होती’ हे वाक्य जिभेवर येते; पण ते सभेतल्या भाषणांसारखेच आणखी एक भाषण ठरले असते. मी तिला इतकेच म्हटले, “क्रमाबद्दल आणखी सांगा.” त्यानंतरच्या कित्येक भेटी या एका वाक्याच्या उत्तरात गेल्या. शाळेच्या कार्यक्रमातली रिकामी खुर्ची, रात्री-अपरात्री येणारे दूरध्वनी, आजारपणात उशाशी बसलेली आई आणि तिथूनही कोणाच्या तरी न्यायालयीन कागदांची चौकशी करणारी आई, असे बरेच काही तिने सांगितले. त्यात तक्रार होती, पण प्रत्येक तक्रारीत आई अगदी स्पष्ट दिसत होती. भाषणांत न सापडणारी आई रागात सापडत होती, हे तिच्या आधी माझ्या लक्षात आले आणि ते तिला सांगण्याची घाई मी केली नाही.

येथे माझा कल स्पष्ट सांगितलेला बरा. दुःखाच्या पाच पायऱ्या असतात आणि त्या चढल्या की माणूस मोकळा होतो, ही समजूत आजही लोक माझ्याकडे घेऊन येतात. मानसोपचारतज्ज्ञ एलिझाबेथ क्युबलर-रॉस यांनी १९६९ मध्ये त्या पायऱ्या मांडल्या त्या मृत्यूच्या दारात असलेल्या रुग्णांशी झालेल्या संवादांवरून. मागे राहिलेल्यांचा शोक नंतर त्याच चौकटीत बसवण्यात आला. मनोविश्लेषणाचे जनक फ्रॉइड यांनी १९१७ मध्ये लिहिले होते की शोकाचे काम म्हणजे गेलेल्या माणसातून मन हळूहळू काढून घेणे. पण १९२० मध्ये त्यांची स्वतःची मुलगी सोफी गेली आणि १९२९ मध्ये, ज्या दिवशी ती छत्तीस वर्षांची झाली असती त्या दिवशी, पुत्र गमावलेल्या बिन्स्वांगर या सहकाऱ्याला त्यांनी कळवले की ती पोकळी कशानेही भरली तरी भरणारे काहीतरी निराळेच असते, आणि तसेच असायला हवे. मला सिद्धान्तापेक्षा हे पत्र जवळचे वाटते. १९९६ मध्ये क्लास, सिल्व्हरमन आणि निकमन या अभ्यासकांनी ठामपणे मांडले की निरोगी शोकातही नाते तुटत नाही, त्याचे रूप बदलते. माझे काम बहुतांशी याच धारणेवर उभे आहे. मात्र त्याला माझ्या अनुभवाची एक जोड द्यावी लागते : नाते टिकवायचे असेल तर ते खऱ्या माणसाशी टिकवावे लागते, गौरवपर लेखांतल्या प्रतिमेशी ते जडत नाही.

एके दिवशी बोलणे श्रद्धेवर आले. आई रोज रात्री घरी परतल्यावर प्रार्थनेला बसे, त्या वेळी तिच्याशी कोणी बोलायचे नाही, असा घरचा दंडक होता.

“म्हणजे दिवसभर संस्था आणि रात्री देव,” ती म्हणाली. “मी मागे बसून वाट पाहायचे.”

“मागे म्हणजे नेमके कुठे?”

ती थोडी थांबली. “तिच्या पाठीला पाठ लावून. बोलायची मनाई होती, टेकायची नव्हती.” आणि मग, आधी कधीच न सांगितलेले : “ती प्रार्थनेत पुटपुटत नावे घ्यायची. संस्थेतल्या बायकांची. मी रोज माझे नाव येते का ते ऐकायचे. ते कधी आले नाही.”

“ती नावे रोज तीच असायची का?”

“नाही, बदलायची.” ती आठवू लागली. ज्यांना त्या दिवशी परत सासरी पाठवावे लागले त्यांची नावे, ज्या निघून गेल्या आणि ज्यांचा पत्ता लागला नाही त्यांची नावे. “ज्यांच्यासाठी तिला त्या दिवशी काहीच करता आले नाही, त्यांची नावे असायची,” ती सावकाश म्हणाली. “मी तर तिच्या पाठीला टेकलेली असायचे.”

यावर काही बोलू नये, हे अनेक वर्षांच्या सरावानंतर मला जमू लागले आहे आणि त्या दिवशी ते जमले याचे समाधान मी लपवत नाही. मी बोलले असते तर तिचा शोध माझा निष्कर्ष झाला असता. बऱ्याच वेळाने तीच म्हणाली, “हे खरे आहे की मी स्वतःची समजूत घालते आहे, हे आता आईला विचारता येणार नाही.” मी म्हटले, “नाही येणार. आणि त्या रिकाम्या खुर्चीचा रागही यामुळे खोटा ठरत नाही.” ती रडली, आईच्या मृत्यूनंतर प्रथमच, असे तिने नंतर सांगितले. सभांमध्ये ती इतरांचे डोळे पुसत राहिली होती.

अशा घरांतल्या माणसांना मी आवर्जून सांगते की सार्वजनिक स्मरण आणि घरचे स्मरण ही दोन स्वतंत्र कामे आहेत आणि एकाने दुसऱ्याची जागा घेऊ नये. सभेत कार्याविषयी बोलले जाणे योग्यच आहे, कारण तिथे जमलेल्यांचे नाते त्या कार्यातून जुळलेले असते. त्यांचा शोकही हलका लेखू नये. संस्थेतल्या स्त्रिया, स्वयंसेवक, वर्षानुवर्षे गाडी चालवणारा माणूस यांना रक्ताचे नाते नसल्यामुळे दुःख करण्याचा अधिकार कोणी देत नाही. शोकाचे अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ पासून अशा अमान्य शोकाकडे लक्ष वेधले आहे. पण त्यांचे सांत्वन करणे ही कुटुंबाची अखंड जबाबदारी नव्हे. भेटायला येणाऱ्यांसाठी वेळ ठरवून द्यावी, आणि एखादा दिवस असा ठेवावा की ज्या दिवशी घरातली माणसे फक्त घरातल्या आठवणी काढतील, त्यांत हट्ट, चुका आणि विनोदही येतील. ‘त्या देवाच्या चरणी सुखी आहेत, तुम्ही रडू नका’ असे कोणी म्हटले तर त्या श्रद्धेचा मान राखूनही रडावे. श्रद्धा आणि अश्रू यांचे वैर नाही, आणि ज्यांनी आयुष्यभर इतरांचे अश्रू पाहिले त्यांच्या नावाने तर ही बंदी मुळीच घालू नये.

वारशाचा प्रश्न याहून अवघड असतो, कारण तो फार लवकर विचारला जातो. ‘आता तुम्हीच पुढे या’ हे वाक्य कित्येकांना अंत्यविधीच्या दिवशीच ऐकावे लागते. शोकात हानीला सामोरे जाणे आणि रोजचे व्यवहार सांभाळणे यांत मन आलटूनपालटून ये-जा करत असते, आणि ती ये-जा निकोप असते, असे स्ट्रोब आणि शूट या अभ्यासकांनी १९९९ मध्ये मांडले. एखाद्याला संस्थेच्या कामात गुंतून बरे वाटत असेल तर त्यात गैर नाही. परंतु पद स्वीकारणे हा निर्णय आहे, उपचार नव्हे. किमान पहिला स्मृतिदिन सरेपर्यंत त्यावर शब्द देऊ नये, असे माझे मत आहे. एरवी मूल आईचे काम करू लागते आणि आईशी असलेले अपुरे भांडण संस्थेच्या बैठकीत सुरू होते.

दुःख दीर्घकाळ टिकले म्हणजे तो आजार, असेही समजू नये. मात्र गेलेल्या व्यक्तीची ओढ आणि यातना जवळजवळ रोज इतकी तीव्र असेल की झोप, काम आणि नाती कोलमडतात, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या वर्गीकरणात अशा शोकाला आजार म्हणण्यासाठी किमान सहा महिन्यांची मर्यादा धरली आहे, तर अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेत प्रौढांसाठी बारा महिन्यांची. जगणे नकोसे वाटत असेल तर मात्र कोणत्याही मुदतीची वाट न पाहता त्याच दिवशी मदत घ्यावी.

त्या मुलीने अखेर दोन पाने लिहिली. त्यांत पाठीला पाठ लावून बसण्याची आठवण होती आणि ‘आई अनेकदा घरी नसे, त्याचा मला राग येत असे आणि अजूनही येतो’ हे वाक्य होते. संपादकांनी ते गाळण्याची विनंती केली. तिने नम्रपणे नकार दिला. तिच्या धाकट्या भावाला ते अजिबात पटले नाही, कारण त्याच्या आठवणीतली आई बहुतेक वेळ घरीच असे. तो जन्मला तोवर संस्थेत हाताखाली माणसे आली होती, हे याआधी दोघांच्याही ध्यानात आले नव्हते. मी त्याला सुचवले की बहिणीचे लिखाण दुरुस्त करण्याऐवजी त्याने आपले वेगळे लिहावे. दोन्ही लेख स्मरणिकेत लागोपाठच्या पानांवर, एकमेकांशी न जुळणारे, तसेच छापले गेले.